वाटीतलं खारं पाणी

ऑगस्टातली गोष्ट आहे पण अजून डोक्यातून जात नाहीये. सकाळी सव्वासहाला बेल वाजली. एवढ्या सकाळी दूधवाल्याशिवाय कोणी येत नाही, आणि दूधवाला बेल वाजवत नाही, पिशवी कडीला अडकवून जातो, म्हणून मी जरा घाबरतच दार उघडलं तर खालच्या मजल्यावरच्या काकू. मॅक्सीवर टॉवेल, केस अजून न विंचरलेले, आणि हातात स्टीलची वाटी. वाटीत दोन बोटं पाणी. मला वाटलं विरजण हवं असेल. पण त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "चाखून बघ." मी नुसतीच त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "अगो चाखून बघ मगे!" मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. मागे वळून बघितलं तर हॉलमधल्या टाइल्स चमकत होत्या, फिश टँकच्या कॅबिनेटखालून निघालेला पाण्याचा पातळ ओघळ भिंतीच्या कडेकडेनं जाऊन कोपऱ्यातल्या पाइपाजवळ नाहीसा झाला होता, आणि तिथून तो कुठे गेला हे माझ्या जिभेवर होतं.

रात्री अडीचच्या सुमारास लाइट गेली होती. पंखा बंद पडल्यावर मला अर्धवट जाग आली होती, हे आठवतंय. बाहेर पाऊस होता. मी कूस बदलून परत झोपले. अर्ध्या तासात लाइट आली असावी कारण सकाळी टँक नेहमीसारखा चालू होता, पंपाची बारीक घरघर, निळा दिवा, मासे आपापल्या जागी. वरून बघून काही कळलंच नसतं.

काकू चिडल्या नव्हत्या. त्यांच्या ओट्यावर, गॅसच्या बरोब्बर शेजारी टपटप होत होती. आमची बिल्डिंग तीस वर्षांची, पावसाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या छताला पोपडे येतातच, त्यामुळे त्यांनी आधी सवयीनं खाली वाटी ठेवली. मग चहा ठेवता ठेवता ती उचलली आणि चाखली. मी विचारलं, काकू, छतातून गळणारं पाणी तुम्ही तोंडात घातलंत? बाथरूमचं असतं तर? तर म्हणाल्या, "दर्याचो वास इलो." तीस वर्षं नेरुळला राहून काकूंचं बोलणं तसं आमच्यासारखंच झालंय, पण मनापासून काही बोलायचं असलं की मालवणीच येते. मग त्या चपला दारात काढून आत आल्या, ओल्या टाइल्सवरून जपून पाय टाकत टँकपर्यंत गेल्या, काचेला नाक लावून थोडा वेळ बघितलं आणि मला विचारलं, "ह्येका भरती-सुकती येता काय गो?"

मी म्हटलं, नाही काकू, टाकी आहे ती, तिला कुठली भरती.

हे मी त्यांना चुकीचं सांगितलं.

रात्री जे झालं ते म्हणजे ओहोटीच होती. माझा टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. त्याच्या खाली कॅबिनेटमध्ये एक छोटी टाकी, तिला संप म्हणतात. वरचं पाणी एका खाचेवरून सांडून पाइपानं खाली संपमध्ये येतं, तिथे गाळलं जातं, स्किमरमधून फेस होऊन त्यातली घाण निघते, आणि रिटर्न पंप ते पाणी परत वर ढकलतो. दिवसरात्र हेच. आता लाइट गेली की पंप थांबतो. वरचं पाणी खाचेच्या खाली गेलं की त्या बाजूनं सांडायचं थांबतं, तिकडून धोका नसतो. धोका रिटर्नच्या पाइपाला असतो, कारण त्याचं तोंड टँकमध्ये पाण्याखाली बुडलेलं असतं आणि दुसरं टोक खाली संपमध्ये, म्हणजे पंप थांबल्याबरोबर तोच पाइप उलटा वाहायला लागतो. लहानपणी ड्रममधून नळीनं पाणी काढताना एकदा तोंडानं ओढलं की मग ते आपोआप येत राहायचं ना, अगदी तसं. पाइपाचं तोंड हवेत उघडं पडेपर्यंत पाणी उतरत राहणार. माझ्या टँकमधला एक इंच म्हणजे साडेदहा लिटर. रिटर्नचं तोंड चार इंच खाली होतं. म्हणजे बेचाळीस लिटर. आणि संपमध्ये रिकामी जागा होती सत्तावीस-अठ्ठावीस लिटरची. उरलेलं बादलीभर पाणी माझ्या हॉलमधून काकूंच्या ओट्यावर.

हे मला माहीत नव्हतं असं नाही, म्हणून तर जास्त लागलं. या उलट्या प्रवाहासाठीच रिटर्नच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक बारीक भोक पाडून ठेवतात. पाणी तिथपर्यंत उतरलं की भोकातून हवा आत शिरते आणि साखळी तुटते. मी स्वतः तीन एमएमचं बिट लावून ते भोक पाडलं होतं. शिवाय खाली नॉन रिटर्न व्हॉल्व्हही होता, पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा. दोन-दोन गोष्टी होत्या. त्या रात्री दोन्ही चालल्या नाहीत.

हा टँक घ्यायचा ठरला तेव्हा घरात सगळे माशांबद्दल बोलत होते. लेकीला नारंगी-पांढरा क्लाउनफिश हवा होता, नवऱ्याला त्याची जागा टीव्हीच्या शेजारी हवी होती, सासूबाईंना एवढं वजन बघून धसका होता आणि तो रास्तच होता. पाणी, काच, दगड, संप सगळं धरून साडेतीनशे किलोच्या आसपास जातं, म्हणून मी टीव्हीच्या शेजारची जागा नाकारून तो बीमच्या वर, भिंतीला लागून ठेवला. मला मात्र तेव्हापासूनच पाइपांचं वेड लागलं. रात्री जेवणं झाली की वहीत काढत बसायचे, इथून पाणी येईल, इथे एल्बो, इथे युनियन म्हणजे पंप कधी काढावा लागला तर पाइप कापायला नको. खाली येणारे दोन पाइप. एक पूर्ण भरून वाहणारा, ज्याचा व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळत अशा जागी आणायचा की त्यात हवा राहत नाही आणि आवाज अजिबात येत नाही. आणि दुसरा त्याच्यापेक्षा उंच, बहुतेक कोरडा, पहिला कधी चोंदला तरच कामाला येणारा. त्या दुसऱ्या पाइपाबद्दल मला पहिल्यापासून जिव्हाळा आहे. काही न करता तो तिथे उभा असतो.

प्लंबर आला तो ओडिशाचा, केंद्रपाड्याचा. मुंबई-नवी मुंबईत पाइप जोडणारे कितीतरी हात तिकडचे आहेत. वयानं माझ्यापेक्षा मोठा, कमी बोलणारा. मी वही दाखवली, त्यानं बराच वेळ बघितली, बोटानं रेघेवरून जात राहिला, वरून खाली, खालून वर, परत वरून खाली. मग म्हणाला, "मॅडम, ये पानी आख़िर में जाएगा कहाँ?" मी म्हटलं, कहीं नहीं भैया, यहीं घूमेगा. तो गप्प झाला. आयुष्यभर त्यानं पाणी टाकीतून नळात आणि नळातून गटारात नेलं, प्रत्येक पाइपाला शेवट असतो या हिशोबानं काम केलं, आणि इथे शेवटच नव्हता. पण कळल्यावर त्यानं जे काम केलं ते मी अजून लोकांना दाखवते. हॅक्सॉनं पाइप कापला की प्रत्येक तोंड कानशीनं घासून, आतून बोट फिरवून बघायचा की कचकच राहिली नाही ना. सोल्युशनचा तो डोकं दुखवणारा गोड वास तीन दिवस घरात होता. सांधा बसवताना पाव फेरा पिरगळायचा आणि मग मनात तीस आकडे मोजत घट्ट धरून ठेवायचा, ओठ हलताना दिसायचे.

एकाच गोष्टीवरून आमचा वाद झाला. तो पितळेचा गेट व्हॉल्व्ह घेऊन आला होता, जड, चकचकीत, चांगल्यातला. "प्लास्टिक का क्या भरोसा," असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं पितळ नको, एल्बोसुद्धा पितळेच्या आट्यांचा नको, आतला स्प्रिंगसुद्धा धातूचा नको. पितळेत तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात ते हळूहळू सुटतं. माशांना थोडंफार चालतं, त्यांच्या काही रोगांवर तर तांब्याचं औषधच देतात, पण गोगलगायी, कोळंब्या, प्रवाळ यांना ते अगदी थोडंसुद्धा जीवघेणं ठरतं. त्यानं व्हॉल्व्ह हातात तोलला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "हम लोग तो तांबे के लोटे का पानी पीते हैं." मग दुकानात परत गेला आणि यूपीव्हीसीचा घेऊन आला, तासभर मोडून. आपल्या घरात तांब्याचं पाणी म्हणजे आरोग्य, देवाचं, सकाळी उपाशीपोटी प्यायचं. तेच एका जिवाला विष आहे हे त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण त्यानं ऐकलं.

समुद्राचं हे असं वेड मला का लागलं याचा विचार करते तेव्हा माहेरचं शोकेस आठवतं. काचेच्या सरकत्या दाराचं, ज्यात न वापरायचे कप, ताजमहाल, आणि एक पांढरं झुडपासारखं काहीतरी असायचं. आईबाबा रामेश्वर-कन्याकुमारी ट्रिपला गेले होते तेव्हा तिथून आणलेलं. ऐंशी-नव्वदच्या दशकात किती घरांमध्ये ते असायचं! आई दिवाळीच्या सफाईत ते साबणाच्या पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशनं घासायची आणि गच्चीवर उन्हात वाळवायची. मला वाटायचं दगड आहे. त्याच्यावर बारीक बारीक चांदण्यांसारखी खळगी होती, मी त्यात पेन्सिलचं टोक फिरवायचे. खूप वर्षांनी कळलं की त्या एकेका चांदणीत एकेक जीव राहत होता, मऊ, तोंडाभोवती सोंडा असलेला, आणि ते सगळं झुडूप म्हणजे त्यांनी पाण्यातल्या कॅल्शियममधून पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली चाळ होती. रंगही त्यांचा एकट्याचा नसतो. आतमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर ते अन्न करतं आणि घरमालकाला देतं. पाणी फार तापलं की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. १९९८ मध्ये लक्षद्वीपला असं मोठ्या प्रमाणावर झालं होतं. आमच्या शोकेसमधलं मात्र तापून पांढरं झालेलं नव्हतं, ते कोणीतरी उपटून, कुजवून, धुवून पांढरं केलेलं होतं.

२००१ पासून सगळी कठीण प्रवाळं आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या रांगेत. समुद्रातून काढणं, विकणं गुन्हा. म्हणून माझ्या टँकमध्ये ती नाहीत. दगडही समुद्रातले नाहीत, कोरडे, कारखान्यात केलेले आहेत. जे आहे ते मऊ आणि साधं, झोआ म्हणजे एकमेकांना चिकटून राहणारे बटणांएवढे, फुलांसारखे दिसणारे जीव, आणि मश्रूम नावाचे त्यांच्यासारखेच मऊ जीव, आणि तेही ठाण्यातल्या एका छंदी माणसानं स्वतःच्या टँकमध्ये वाढलेल्यातून कापून दिलेले तुकडे, ज्याला फ्रॅग म्हणतात. त्यानं देताना पैसे घेतले नाहीत, फक्त बजावलं की झोआ कापताना हातमोजे आणि चष्मा घाल, त्यांच्यातल्या काहींत जबरदस्त विष असतं, आणि तो दगड कधीही गरम पाण्यात उकळू नकोस. मासे हॅचरीतले. समुद्रातून एक जीव उचलून आणला नाही याचं मला समाधान आहे, आणि तरीही रात्री दिवे बंद करताना त्या दोन क्लाउनफिशकडे बघून पोटात कालवतं. तीन फूट. त्यांना माहीत असलेला समुद्र एवढाच. मी त्यावर उत्तर शोधलेलं नाही.

सासूबाईंच्या बोटात मंगळासाठी घातलेलं पोवळं आहे, लालभडक. टँक भरला त्या दिवशी त्या अंगठी टँकच्या काचेला लावून मला म्हणाल्या, "हे पण यातलंच ना?" मी सांगितलं की जात वेगळी आहे आई, ते पोवळं भूमध्य समुद्रातलं, कमी उजेडात वाढणारं, त्याला शैवालाची गरज नसते. पण होय, तेही असंच कोणाचं तरी घर. त्या बराच वेळ बोट फिरवून अंगठीकडे बघत होत्या. काढली नाही. मीही काही बोलले नाही.

आणि तारापोरवाला. मरीन ड्राइव्हवरचं ते १९५१ सालचं मत्स्यालय, शाळेची सहल, अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना उजळलेल्या खिडक्या, ओल्या भिंतींचा कुबट वास, आणि बाई ओरडतायत की काचेवर टकटक करू नका. बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे खराखुरा समुद्र, राखाडी, गढूळ, त्यात काहीच दिसत नाही. माझ्या डोक्यात तेव्हा बसलं की रंगीत समुद्र काचेतला असतो आणि खरा समुद्र मातकट. हे डोक्यातून जायला लग्न होऊन मालवणला जावं लागलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ, जिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तोंडात नळी धरून पाण्यात डोकं घातलं, आणि खाली प्रवाळ होतं. फार भडक नाही, तपकिरी, हिरवट, मधे मधे गाळ बसलेलं, पण जिवंत, शोकेसमधल्यासारख्याच चांदण्या आणि प्रत्येकीत कोणीतरी. आपल्या कोकणात! विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरच्या पुढे खोल समुद्रात तर आंग्रिया बँक म्हणून पाण्याखालचं प्रवाळाचं अख्खं पठार आहे, आंग्र्यांच्या नावाचं, आणि शाळेत आंग्र्यांच्या लढाया पाठ करताना कोणी हे सांगितलं नाही. मी पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हा मास्कमध्ये पाणी होतं आणि ते सगळं समुद्राचं नव्हतं.

टँक भरल्यावर सहा आठवडे काही टाकायचं नाही हे घरात कोणाला पटेना. दोनशे लिटर पाण्यात सात किलोच्या वर मीठ घातलं होतं. स्वयंपाकाचं नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियम सगळं असलेलं, त्यासाठी केलेलं. काकूंनी तेव्हाही एकदा जिन्यात विचारलं होतं की एवढ्या गोणी कसल्या गो, पंचवीस घरांचं लोणचं घालतेस काय. पाणीसुद्धा नळाचं नाही, नळाच्या पाण्यातलं सगळं काढून टाकून टीडीएस शून्यावर आणलेलं, आणि त्या गाळण्यातून फुकट जाणारं पाणी मी बादल्या भरभरून लादी पुसायला, झाडांना वापरायचे. असं रिकामं पाणी करायचं आणि मग त्यात आपल्या हातानं समुद्र घालायचा. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडे धरायचं, निळी-पांढरी रेघ पस्तीसवर आली की झालं. आणि मग नुसतं बघत बसायचं. दगडावर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढतात, आधी अमोनिया खाणारे, मग त्या अमोनियाचं जे नायट्राइट होतं ते खाणारे. टेस्टच्या काचेच्या नळीत हिरवा रंग रोज थोडा गडद होत गेला, मग एक दिवस फिका, मग पिवळा. सगळा टँक तपकिरी शेवाळानं माखला, लेक म्हणाली, आई, हे गटार झालं. तेही गेलं. त्या सहा आठवड्यांत मला जे सुख मिळालं ते नंतर मासे आल्यावरही मिळालं नाही. हे खरं आहे.

काकूंच्या प्रश्नानं मला खाडीच्या बाजूचा पाम बीच रोडही दिसायला लागला. आम्ही नेरुळची माणसं, फ्लेमिंगो म्हणजे आमच्याकडे पाहुणे दाखवायला न्यायची जागा. पण ते पक्षी भरती-ओहोटीवर जगतात हे किती जणांच्या लक्षात असतं? ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा ते तिथे चरतात, आणि भरती आली, चिखल बुडाला की उडून सीवूड्सच्या, टी. एस. चाणक्य या जहाज-प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर येऊन उभे राहतात, पाणी उतरायची वाट बघत. त्या तळ्यांना पाइपांतून, नाल्यांतून खाडीचं भरतीचं पाणी येतं. २०२४ मध्ये सीवूड्सच्या तळ्यात ते पाणी यायच्या वाटाच बुजल्या होत्या. तळं सुकलं, तळाशी भेगा पडल्या. मी तिथे सकाळी चालायला जायचे, त्या भेगा मी बघितल्या आहेत. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, खूप, पण तो प्लंबिंगचा प्रश्न आहे असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्या सकाळी काकू खाली गेल्यावर मी लादी पुसली, दोनदा, कारण खारं पाणी नुसतं पुसून जात नाही, वाळलं की पांढरे डाग आणि पायाला कचकच. मग पंप बंद करून रिटर्नचा पाइप काढला. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह उघडला तर त्याच्या झडपेच्या कडेला चुन्यासारखा थर बसलेला, झडप पूर्ण मिटतच नव्हती. ते समजण्यासारखं होतं, मीच सहा महिने साफ केला नव्हता. पण भोक? भोकात मी टाचणी घातली तर आत काहीतरी टणक. टॉर्च लावून बघितलं. केसांसारखं हिरवं शेवाळ, आणि त्यात घट्ट बसलेली एक गोगलगाय. ज्वारीच्या दाण्याएवढी. असल्या गोगलगायी मी आणलेल्या नव्हत्याच, फ्रॅगच्या दगडाला चिकटून एखाददुसरी आली असेल आणि मग टँकमध्येच त्यांची पिल्लं झाली, रात्री टॉर्च मारला की काचेवर पंधरा-वीस ठिपके सरकताना दिसतात. मला त्याचा केवढा अभिमान होता. पाण्यात काही चूक असती, पितळेचा एक तुकडा कुठे असता तर त्या जगल्याच नसत्या, असं मी सगळ्यांना सांगायचे. तर त्यातलीच एक, माझ्याच टँकमध्ये जन्मलेली, शेवाळ खात खात त्या भोकापर्यंत आली आणि तिला ती जागा बरी वाटली.

मी टाचणीनं तिला ढकलली नाही. पाइप ओंजळीभर टँकच्या पाण्यात बुडवून ठेवला. जवळजवळ वीस मिनिटांनी ती आपणहून बाहेर आली.

मी रागावू कोणावर तेच कळत नव्हतं. वहीत मी सगळं काढलं होतं, प्रवाह, चढ, व्हॉल्व्ह, पण त्या वहीतलं पाणी नुसतं पाणी होतं, त्यात कोणी राहत नव्हतं. चालू असताना काय होईल याचे हिशोब पानंच्या पानं होते आणि बंद पडल्यावर काय होईल याला एक भोक.

त्या आठवड्यात मी दुरुस्ती केली. प्लंबरला बोलावलं, त्याला सगळं सांगितलं, त्यानं मान हलवून ऐकलं आणि गोगलगाय बघायला मागितली. आम्ही रिटर्नचं तोंडच वर आणलं, पाण्याच्या पातळीखाली जेमतेम एक इंच, म्हणजे भोक चोंदलं तरी उतरून उतरून किती उतरेल. भोकं दोन केली, जरा मोठी, वेगवेगळ्या बाजूंना. संपच्या काचेवर ऑइलपेंटनं एक लाल रेघ मारली, चालू टँकमध्ये खालचं पाणी याच्या वर असता कामा नये. काकूंच्या छताचा पोपडा खरवडून घेतला आणि रंग लावून दिला, त्या नको नको म्हणत असताना.

आणि महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, मी स्वतः मेन स्विच बंद करते. नुसतं काय होतं ते बघायला. सप्टेंबरात पहिल्यांदा करणार होते तेव्हा खाली जाऊन काकूंना सांगितलं, काकू, तुम्ही विचारलं होतंत ना, तर वर या. त्या हात पुसत पुसतच आल्या. मी त्यांच्यासाठी टँकसमोर खुर्ची ठेवली आणि स्विच पाडला.

घरघर थांबली की आमचा हॉल एवढा शांत होतो की बाहेरच्या पावसाचं पाणी पन्हळीतून जाताना ऐकू येतं. झोआ प्रवाहात सारख्या हलत असतात, त्या सरळ उभ्या राहिल्या. मोठी क्लाउनफिश, ती मादी, या जातीत मोठी असते ती मादी, पाण्याच्या धारेत तोंड करून पोहायची तिला सवय, ती गोंधळून काचेजवळ आली. पाण्याची कड खाली सरकायला लागली. काचेवर ओला पट्टा राहत गेला, आधी दोऱ्याएवढा, मग बोटाएवढा. गोगलगायी त्या पट्ट्यात उघड्या पडल्या आणि जागच्या जागी घट्ट बसल्या. मग भोकांतून घुर्रर्र असा आवाज आला, हवा शिरल्याचा, आणि पाणी थांबलं. मी खाली वाकून बघितलं, संप चढला होता, पण काठाला अजून चार बोटं शिल्लक होती.

काकू पुढे झुकून बघत होत्या. म्हणाल्या, आमच्या आचऱ्याला समुद्राकाठच्या खडपावर अशाच बसतात, पाणी उतरलं की तोंड मिटून. लहानपणी सुकतीला खडपावर जायचो, कालवं काढायला, आई सांगायची पाण्याकडे पाठ करू नका. मग उधाण कधी, भांग म्हणजे लहान भरती कधी, अष्टमीला पाणी कसं आळशी असतं, रापणीचं मोठं जाळं ओढायला किती माणसं लागायची, हे सगळं त्या बोलत राहिल्या, अर्धं मराठी, अर्धं मालवणी, नजर त्या ओल्या पट्ट्यावरच. आमच्या हॉलमध्ये खरंच दर्याचा वास आला होता. मला रोजच्या सवयीनं तो येत नाही, पण तेव्हा आला.

स्विच चालू करायला उठले तेव्हा कॅबिनेटच्या उघड्या दारातून त्यांना संपशेजारी ठेवलेली वाटी दिसली. त्यांचीच. मी टेस्टच्या नळ्या धुवायला वापरत होते, भांडं रिकामं परत द्यायचं नाही म्हणून ठेवली आणि मग राहूनच गेली. मी ओशाळून म्हटलं, काकू, आत्ता घासून देते, काहीतरी घालून देते.

"ऱ्हवांदे ती थयंच," त्या म्हणाल्या. "आणि अजून जरा थांब. इतक्यात चालू करू नको."